ओट्याची जाळी आणि अभयदान

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवात चार शब्द बोलण्याची संधी मला दिली, याबद्दल संयोजकांचा मी ऋणी आहे. मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम. झालो आणि वडिलांच्या गादीवर बसलो, त्याला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. ‘व्यापार आणि नीती’ हा विषय घ्यावा, असे संयोजकांनी सुचविले होते. त्याऐवजी मी आज रस्त्यावर झोपणाऱ्या, व्यसनात अडकलेल्या आणि त्यापायी लहानसहान चोऱ्या करणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे. उत्सवाच्या मांडवात हा विषय काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु या खात्यावर माझ्या नावे एक जुनी बाकी आहे, आणि ती आपल्यासमोर मांडल्याशिवाय हे वर्ष मला साजरे करता येणार नाही.

जुनी बाकी

स्टेशनकडून धर्मशाळेकडे येताना जो ओटा लागतो, तो आपल्या संस्थापकांनी मुद्दाम रुंद बांधून घेतला होता. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. आतल्या खोल्या भरल्या तरी दारी आलेल्या वाटसरूला पाठ टेकता यावी, हा त्यामागचा हेतू होता, असे माझे वडील सांगत. पुढे आपल्या सोलापुरात नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. वाटसरू हॉटेलात उतरू लागले आणि ओट्यावर रात्री दुसरीच माणसे दिसू लागली.

त्यांत एक यंत्रमाग कामगार होता. मागावर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. काम सुटले, मग हातभट्टीची सवय वाढली, मग घर सुटले. सकाळी तो माझ्या दुकानापुढची जागा झाडून देई आणि मी त्याला चहा पाजीत असे. २००९ च्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या दुकानातून तीन चादरी आणि दोन टॉवेल गेले. खरेदी किंमत सातशे ऐंशी रुपये. मी फिर्याद दिली. दुसऱ्याच दिवशी तो सापडला आणि मालही मिळाला. न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला, पण त्याच्यासाठी जामीनदार उभा राहण्यास कोणी नव्हते. सातशे ऐंशी रुपयांच्या मालासाठी तो माणूस अकरा महिने कच्चा कैदी म्हणून तुरुंगात राहिला, आणि शेवटी गुन्हा कबूल करून, भोगलेल्या मुदतीवर सुटला.

फिर्याद दिली यात माझी चूक झाली, असे मी म्हणत नाही. चोरी ही चोरीच. परंतु त्या अकरा महिन्यांत एकदा न्यायालयात जाऊन, ‘माझा माल मला मिळाला आहे, याच्या जामिनाची व्यवस्था मी करतो,’ एवढे बोलण्यास मला कोणी मनाई केली नव्हती. ते मला सुचलेच नाही.

सुटून आल्यावर तो पुन्हा ओट्यावरच आला. हाताला कंप सुटला होता. दुकानापुढे झाडण्यास मात्र तो आला नाही. पुढे २०१७ साली ओट्यावरील घाण, भांडणे आणि धर्मशाळेचे पितळी नळ चोरीस जाणे यांविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा ओट्याला लोखंडी जाळी बसविण्याचा ठराव विश्वस्त मंडळापुढे आला. तो ठराव मांडणारा मीच होतो. ठराव एकमताने संमत झाला. जाळी बसली त्या रात्री ती माणसे फार लांब गेली नाहीत, दोनशे पावलांवरच्या पिठाच्या गिरणीसमोर रस्त्याच्या कडेला झोपू लागली. जानेवारी २०१८ मध्ये एका पहाटे मागे येणाऱ्या मालवाहू टेम्पोखाली त्यांच्यातील एक जण गेला. पंचनाम्यासाठी पंच हवे होते, म्हणून हवालदारांनी मला बोलाविले. उजव्या हाताची दोन बोटे नाहीत, हे पाहून मी ओळख सांगितली आणि कागदावर सही केली.

बंधू-भगिनींनो, हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या ट्रस्टच्या त्या वर्षीच्या ताळेबंदात जाळीचा खर्च नोंदलेला आहे. ही नोंद मात्र कोठेच नाही. म्हणून ती आज आपल्यासमोर केली.

चादर का विकली जाते?

दर हिवाळ्यात आपण चादरी वाटतो. ज्या शहराची चादर देशभर पांघरली जाते, त्या शहरात कोणी उघड्यावर कुडकुडू नये, ही भावना उत्तमच आहे. आणि दरवर्षी आपल्याच कार्यकर्त्यांची तक्रार असते की, ‘काका, रात्री दिलेली चादर सकाळी विकतात आणि दारू पितात. कशाला द्यायची?’ मीही अनेक वर्षे हेच म्हणत होतो.

एकदा मी त्यांच्यातल्याच एकाला विचारले. त्याने मलाच उलट प्रश्न केला, ‘मालक, दिवसा ती ठेवू कुठं?’ या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ज्याला घर नाही, त्याला कपाट नाही, खुंटी नाही, कुलूप नाही. चादर खांद्यावर टाकून कामाला गेले तर मुकादम उभा करीत नाही. झुडपात लपविली तर दुसरा उचलतो. साफसफाईची गाडी आली तर कचरा म्हणून नेते. संध्याकाळपर्यंत जी जाणारच आहे, ती सकाळी साठ रुपयांना विकणे हा त्याच्या परीने व्यवहारच आहे. जी गत चादरीची, तीच चपलांची, औषधाच्या गोळ्यांची आणि आधारकार्डाची. रस्त्यावर राहणाऱ्यांना आपण चोर म्हणून ओळखतो, पण ज्यांचे रोज काही ना काही चोरीस जाते, अशीही हीच माणसे आहेत, हे आपल्या ध्यानात येत नाही.

दारूचेही तसेच. काही जण व्यसनामुळे रस्त्यावर आले, हे खरे. पण रस्त्यावर आल्यानंतर व्यसनी झालेलेही पुष्कळ आहेत. उघड्यावर झोप लागावी, थंडी व भूक जाणवू नये, रात्रीची भीती वाटू नये, म्हणून माणूस पितो. लहान मुले पंक्चरचे सोल्युशन किंवा व्हाइटनर रुमालावर घेऊन हुंगतात, तीही भूक मारण्यासाठीच. मग सकाळी शरीर ते मागू लागते, खिशात पैसा नसतो, आणि हात दुसऱ्याच्या मालाकडे जातो. बेघरपणा, व्यसन आणि चोरी या तीन गोष्टींचा असा एकच पीळ बसतो. त्यातला एकच धागा ओढला तर गाठ अधिक घट्ट होते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळे सांगावयास नको.

तारेचे कुंपण आणि कायदा

अशा माणसांना बंद करून ठेवावे, हा विचार जुना आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. आपल्या सोलापुरातच अशा लोकांसाठी तारेचे कुंपण घातलेली वसाहत होती. त्यांना हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे, आणि त्यांतील अनेकांना येथील गिरण्यांत कामास लावले जाई. त्या भागाला आपण आजही ‘सेटलमेंट’ म्हणतो, पण त्या शब्दामागची तार विसरलो आहोत. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. आज रस्त्यावर झोपणाऱ्यांचा त्या समाजांशी संबंध जोडण्याचा माझा हेतू मुळीच नाही. सांगावयाचे ते एवढेच की, कुंपणाने चोरी संपली नाही, फक्त कुंपणातल्या लेकराच्या कपाळी शिक्का बसला आणि तो कुंपण गेल्यावरही पुसला गेला नाही.

पुढे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यात भीक मागणाऱ्याला एक ते तीन वर्षे, आणि वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद आहे. हा कायदा दिल्लीलाही लागू होता. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी त्यातील कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली.

दुसरीकडे, कायद्याची एक दयाळू बाजूही आहे आणि ती आपल्या कामाची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, गुन्हेगाराची पहिलीच वेळ आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असल्यास, तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. २००९ साली ही तरतूद असती, तर माझ्या सातशे ऐंशी रुपयांसाठी त्या माणसाला अकरा महिन्यांऐवजी कदाचित काही दिवस एखाद्या दवाखान्याचे अंगण झाडावे लागले असते. कोठडीतील प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी २०२३ मध्ये केंद्र सरकारने साहाय्य योजना काढली. अमली पदार्थांच्या कायद्यातही, अल्प प्रमाणासाठी पकडला गेलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट देणारे कलम आहे. परंतु ही सगळी दारे आतून उघडत नाहीत. बाहेर उभे राहून, ‘मी याला ओळखतो,’ असे म्हणणारा कोणीतरी लागतो.

निवाऱ्याचेही तसेच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे पावणेअठरा लाख आणि एकट्या महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. २०१० पासून सर्वोच्च न्यायालयाने शहरांत निवारे उभारण्याचे आदेश दिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात, दर एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांच्या कायमस्वरूपी निवाऱ्याचा निकष होता. २०११ साली आपल्या शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. गुणाकार प्रत्येकाने मनातल्या मनात करावा.

व्यसन हा आजार आहे

‘मनात आणले तर सोडता येते,’ असे आपण निर्व्यसनी माणसे सहज बोलून जातो. सप्तव्यसनांच्या त्यागाचे संस्कार बालपणीच झाल्याने आपल्याला ते सोपे वाटते. ज्याचे शरीर वर्षानुवर्षे दारूवर चालले आहे, त्याने ती एकाएकी सोडली तर हातपाय थरथरतात, भ्रम होतो, झटके येतात, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडून ‘उतरवणे’ हा उपाय नसून अपाय आहे. तेथे डॉक्टरच हवेत.

आपल्या महाराष्ट्रात या कामाची मोठी परंपरा आहे. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये, तर ‘कोशिश’ हा प्रकल्प २००६ पासून बेघर व निराधारांमध्ये काम करीत आला आहे. या कामांतून मी एक गोष्ट शिकलो. उपचार महिना-सव्वा महिन्यात संपतो, परंतु खरी परीक्षा उपचार संपल्याच्या दिवशी सुरू होते. घर असलेला माणूस केंद्रातून घरी जातो. ज्याला घर नाही तो केंद्रातून थेट पिठाच्या गिरणीसमोर येतो. तेथे जुने सोबती असतात, जुनी उधारी असते आणि समोर गुत्ता असतो. औषधाने मिळविलेले सारे तेथे चार दिवसांत गमावले जाते.

आमचा छोटासा प्रयत्न

२०२२ पासून बाजारपेठेतील आम्ही काही व्यापारी मित्रांनी मिळून थोडे काम केले. एका गोदामाच्या कोपऱ्यात जुनी लोखंडी कपाटे ठेवली, प्रत्येक कप्प्याला कुलूप लावले आणि किल्ली ज्याची त्याला दिली. त्याच्या चादरी विकल्या जाणे बऱ्याच अंशी थांबले. जो स्वतःहून म्हणेल, त्याला डॉक्टरांकडे आणि पुढे उपचार केंद्रात नेले. किरकोळ गुन्ह्यात अडकलेल्या दोघांसाठी आमच्यापैकी दोघे जामीनदार राहिले. सुधारलेल्यांना हमालीचे, गाठी बांधण्याचे काम दिले आणि मजुरी रोज न देता आठवड्याने, पोस्टाच्या बचत खात्यात भरली.

याचा हिशेब आपल्यापुढे ठेवतो. एकूण चौदा माणसे. पाच जण आज नियमित कामावर आहेत. चौघे पुन्हा प्यायला लागले आणि रस्त्यावर आहेत. तिघांचा पत्ता नाही. दोघे आजाराने वारले. ज्या पाच जणांना मी यशस्वी म्हणतो, त्यांतील चौघे मधल्या काळात किमान एकदा घसरले होते. एकाने माझ्याच गोदामातून टॉवेलांचा गठ्ठा नेला. त्या दिवशी मी फार संतापलो. पण चार दिवसांनी तो गठ्ठा घेऊन स्वतः परत आला. अर्धा विकला होता. उरलेल्याची किंमत त्याने सात महिन्यांत फेडली.

व्यापारात एखादी उधारी थकली म्हणून आपण लगेच ती बुडीत खात्यात टाकत नाही. हप्ते बांधून देतो, माणूस ओळखीचा असेल तर सणानंतर या म्हणतो. मग घसरलेल्या माणसाच्या बाबतीतच पहिल्या चुकीला खाते बंद करण्याची आपल्याला एवढी घाई का असावी?

आपल्या शास्त्रात सम्यक् दर्शनाच्या आठ अंगांपैकी एक स्थितिकरण सांगितले आहे. मार्गावरून ढळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे, असा त्याचा अर्थ. त्यासाठी ज्या वारिषेण मुनींचे उदाहरण दिले जाते, त्यांच्यावर मुनी होण्यापूर्वी स्वतः चोरीचा आळ आलेला होता, हे आपण कथेत ऐकतो आणि विसरतो. आपले आहारदान चालू आहे, औषधदानासाठी दवाखाना आहे, ज्ञानदानासाठी शिष्यवृत्त्या आहेत. चौथे अभयदान. मुक्या प्राण्यांना आपण ते देतो, आणि द्यावेच. रात्री रस्त्याच्या कडेला एक डोळा उघडा ठेवून झोपणाऱ्या माणसाला अभय म्हणजे काय, याचा विचार मात्र राहून गेला आहे.

काही शंका

आपल्या मनातील शंका मला ठाऊक आहेत, कारण त्या माझ्याही होत्या. पहिली शंका धर्मशाळेच्या पावित्र्याची व माता-भगिनींच्या सुरक्षिततेची. ती रास्त आहे. म्हणून मी ओटा पुन्हा उघडा करा, असे सुचवीत नाही. मागच्या गल्लीकडे ज्या चार खोल्या अनेक वर्षे मोडक्या फर्निचरने भरल्या आहेत, त्यांना स्वतंत्र दार आहे. तेथे उपचार पूर्ण केलेल्या सहा जणांनाच राहू द्यावे. आहार सात्त्विक असेल, नशा करून कोणी आत येणार नाही, आणि रात्री एक जबाबदार माणूस तेथे मुक्कामास असेल.

दुसरी शंका, पाहून पाहून आणखी लोक येतील. येतील. दवाखाना काढला तेव्हाही रुग्ण वाढलेच होते. सहा जागा असतील तर सहाच घेता येतील, ही मर्यादा आपण पाळू.

तिसरी शंका, चोराला पाठीशी घालतो असे होईल. भाजी विकणाऱ्या बाईचा दिवसभराचा गल्ला जो पळवितो, त्याच्याबद्दल मी दया मागत नाही. तिचे पैसे तिला मिळालेच पाहिजेत. मारहाण करणारा, शस्त्र काढणारा, मुलांना नशा विकणारा, यांचे काम पोलिसांकडेच. परंतु शिक्षा संपली की माणूस कोठे जाणार, हा प्रश्न पोलिसांचा नाही. तो गावाचा आहे.

विनंती

विश्वस्त मंडळापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, मागच्या चार खोल्या उपचारानंतरच्या निवासासाठी पाच वर्षे प्रायोगिक तत्त्वावर द्याव्यात. दुसरी, या हिवाळ्यापासून जितक्या चादरी वाटू, तितके कुलपाचे कप्पे उपलब्ध करावेत. कप्पे कमी असतील तर चादरी कमी वाटाव्यात. तिसरी, समाजातील दहा सद्गृहस्थांनी किरकोळ गुन्ह्यातील निराधारांसाठी जामीनदार म्हणून आपली नावे नोंदवावीत. यादीतील पहिले नाव माझे लिहून घ्यावे. युवक मंडळात वकील आहेत, डॉक्टर आहेत. त्यांनी महिन्यातून एक सायंकाळ दिली तरी पुरे.

सुवर्ण महोत्सवानिमित्त ओट्याच्या जाळीला सोनेरी रंग देण्याचे ठरले आहे, असे मला कळले. रंग अवश्य द्यावा. परंतु जाळी बसविण्याचा ठराव ज्याने मांडला, त्याचीच ही विनंती आहे की, तो रंग वाळण्यापूर्वी मागच्या गल्लीतील ते दार उघडावे. आपल्या संस्थापकांनी ओटा रुंद बांधला होता. पन्नास वर्षांनंतर आपण त्यांना निदान चार खोल्यांचा हिशेब तरी देऊ शकू.

 बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!